चित्राखाली आकडेही छापा

संपादक महोदय,

मोटारीवरून वाहणाऱ्या हवेची लाल-निळी चित्रं वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतात. ती पाहून सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवायला, शिकायला आलेल्या मुलांना पहिल्याच तासाला अख्खी मोटार हवी असते. मी त्यांना सरळ, गोल पाइप देतो. चेहरे पडतात, पडू देत.

पाइपचं उत्तर आधीच ठाऊक असतं, हा त्याचा मोठा गुण. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाहाचा जोर आणि द्रवाचा चिकटपणा यांचं गुणोत्तर, 100 धरला तर पाणी थराथरानं, शांत वाहतं आणि पुरेसं पुढे गेलं की मधोमधचा वेग सरासरीच्या नेमका दुप्पट होतो. हे कागदावर सिद्ध करता येतं. आता ‘पुरेसं’ म्हणजे किती? तोंडाशी सगळीकडे सारखा वेग दिला असेल, तर अंदाजे सहा व्यास. कोणी तीन व्यासांतच पाइप संपवला, तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. गणित सुटतं, चित्र झकास येतं, फक्त मधला वेग दुपटीला पोचलेला नसतो. ज्यानं आधी वहीत आकडेमोड केली, त्यालाच ते कळतं.

मेशचं, म्हणजे जागेचे छोटे खण पाडणाऱ्या जाळीचंही तसंच. भिंतीला टेकलेलं पाणी थांबलेलं असतं आणि जरा आत सरकलं की वेग झपाट्यानं चढतो, म्हणून भिंतीलगत खण दाट हवेत. मेश दुप्पट बारीक करून पुन्हा चालवावी. उत्तर सरकलं, तर आधीचं उत्तर मेशनं ठरवलेलं होतं. काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं हेच गाळलं जातं.

रेसिड्युअलच्या, म्हणजे समीकरणांत अजून उरलेल्या चुकीच्या, रेषा खाली उतरल्या की मुलं खूश. त्या एवढंच सांगतात, की दिलेली समीकरणं सुटत आली. आत येणारा वेग चुकून दहापट टाकला, तरी त्या खुशाल उतरतील.

मग चौकोनी पोकळी: वरचं झाकण सरकतं, आतलं द्रव भोवऱ्यासारखं फिरतं. ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरच्या शिकवणीतही ती आहे, आणि ताडून पाहायला घिया, घिया आणि शिन या संशोधकांचे 1982 चे आकडे आहेत. मोटार त्यानंतर. तिथे टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे खवळलेल्या प्रवाहासाठीचं अंदाजी गणित, निवडावं लागतं, आणि तो तर भांडणाचाच विषय.

आपल्याला विनंती एवढीच: असं चित्र छापाल तेव्हा खाली खणांची संख्या आणि प्रत्यक्ष मोजमापाशी पडलेला फरक एका ओळीत द्या. देणाऱ्याकडे हे आकडे नसतील, तर चित्र पानभर नको, एका कॉलमात बसवा.

— फ्लुइड मेकॅनिक्सचा एक शिक्षक