‘बागेतील कोळी’ म्हणजे नेमका कोणता?

महोदय,

पावसाळा सरताना रंकाळ्याकाठच्या झुडपांत, गोल जाळ्याच्या मध्यभागी पाय जोडीजोडीने पसरून फुलीसारखा बसलेला कोळी दिसला, की त्याच्याविषयी लिहिताना ‘बागेतील कोळी’ असे भाषांतरित नाव वापरले जाते. हे नाव फसवे आहे, कारण युरोपात त्याच अर्थाच्या नावाने पाठीवर पांढरी फुली असलेला अरेनियस डायडेमॅटस ओळखला जातो, तर अमेरिकेत काळा-पिवळा आर्जिओपी ऑरेंशिया. आपल्याकडचा हा फुलीसारखा बसणारा कोळीही आर्जिओपी गटातलाच; तो जाळ्यात सहीसारखी पांढरी नागमोडी नक्षी विणतो, म्हणून त्याला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. मराठीत ‘सहीवाला कोळी’ लिहिणे मला अधिक नेमके वाटते. आठ पायांच्या या जीवाला ‘कीटक’ म्हणणेही थांबावे. (त्याच्या ताज्या जाळ्याला जळमट समजून झाडू फिरवणाऱ्यांना काय सांगावे!)

– एक वाचक, कोल्हापूर