मावशी, मासा जमला

मावशी, नमस्कार.

दर बुधवारी सांगलीवाडीहून तुमच्याकडे मासे घ्यायला स्टीलचा डबा घेऊन येतो ना, तो मी. हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवतोय, त्याच्याकडून वाचून घ्या. समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "सरका पुढं, गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणता.

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला आणि मटण बंद केलं. मासे खा म्हणाले, पण तळलेले नकोत. आमची मंडळी माळकरी. तिनं मागच्या पडवीत जुनी शेगडी, एक तवा आणि झाकायला एक ताट मांडून दिलं आणि सांगितलं, "इथं काय ते करा." माळकरी बाईनं एवढं केलं हेच खूप झालं.

पहिला रोहू मी मटणासारखाच केला. खोबऱ्याचं वाटण, तीन चमचे कांदा-लसूण मसाला, वर बोटभर तवंग, आणि अर्धा तास रटरट. मासा कुठं गेला कळलंच नाही, काटे तेवढे राहिले. वर चिखलाचा वास. पुढच्या बुधवारी मासा खराब निघाला म्हणून तुमच्याशी भांडायला आलो. तुम्ही विळीवरनं मानही वर केली नाही. "किती येळ शिजवला?" मी सांगितलं. "अवं दादा, मासा हाय त्यो, बोकड न्हवं."

मग तुम्ही टबातली जिवंत मरळ काढलीत. शिकणाऱ्यानं कमी काट्याचा मासा घ्यावा, रोहूचे दुतोंडी काटे नंतर बघू, म्हणालात. शेजारच्या कटल्याचा कल्ला उचकटून आतला लालभडक रंग दाखवलात. माझा अंगठा धरून त्याच्या पाठीवर दाबलात. खड्डा लगेच भरून आला. पोटातला काळा पडदा नखानं खरवडून काढायचा आणि तुकडे मीठ चोळून चिंचेच्या पाण्यातनं काढायचे, म्हणजे चिखलाचा वास जातो, हेही तेव्हाच कळलं.

आता माझं ठरलेलं आहे. बोटभर जाडीचे तुकडे, हळद, आलं-लसूण, अर्धा चमचा मसाला. मीठ जपून, कारण मसाल्यात ते असतंच. (सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मी इथं राहून ती चिमटीनं टाकत होतो!) 15 मिनिटं मुरू द्यायचं. तव्यात एक चमचा तेल, मंद आच, वर ताट. एका बाजूनं पाच मिनिटं, उलटून चार. मध्ये चाळवायचं नाही, हेच मला सगळ्यात अवघड गेलं. काट्यालगतचं मांस पांढरं होऊन सुटायला लागलं की गॅस बंद, लिंबू त्यानंतर. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि मंडळींनी आतनं दिलेली मेथीची भाजी.

पण खरे आभार मानायचेत ते जूनमधल्या त्या दिवसाचे. पगार झालेला, म्हणून ऐटीत सुरमई मागितली. तुमच्याकडे बर्फात होती. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, ही आधीची हाय, तळून खाणाऱ्याला चालंल, तुमच्या वाफंला न्हाई, असं म्हणून तुम्ही ती झाकून ठेवलीत आणि निम्म्याहून कमी पैशांत चिलापी दिलीत. मला तर काही कळलंही नसतं. आयर्विन पुलावरनं घरी येताना डबा मांडीवर धरून मी त्याचाच विचार करत होतो.

आता एक काम आहे. येत्या बुधवारी मेहुणे जेवायला येणार आहेत. दीड किलोचा रोहू लागेल. डोकं वेगळं बांधून द्या, त्याचा पातळ रस्सा करीन म्हणतो. किती मिनिटं उकळायचा ते मात्र या वेळी आधीच सांगा.

तुमचा,
डबेवाला गिऱ्हाईक