पिशवी काढली, पण बीजकोशांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये या औषधांवरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा चौकटीतला ठळक इशारा काढायचे जाहीर केले, त्या निमित्ताने तो लिहिलेला होता. लेख चांगला होता. पण शेवटी ‘आता विसरभोळेपणाची चिंता नको’ असा सूर लागला, तिथे मी अडखळले. मी बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर तीस वर्षे आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण या वयातल्या बायका माझ्याइतक्या जवळून थोड्यांनीच पाहिल्या असतील.

तो इशारा कुठून आला, हे लेखात दोन ओळींत उरकले होते. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची मोठी चाचणी सुरू होती. तिच्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग जुलै 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवला गेला. स्मरणशक्तीचे निष्कर्ष 2003 साली आले. स्मरणशक्तीच्या त्या पाहणीत 4,532 स्त्रिया होत्या. पुढे 61 जणींना स्मृतिभ्रंश झाल्याचे दिसले. त्यांतल्या 40 गोळी घेणाऱ्या आणि 21 नुसती लुटुपुटुची गोळी घेणाऱ्या. ‘दुप्पट धोका’ हे दोन शब्द जगभर गेले. या सगळ्याजणी 65 किंवा त्यापुढच्या होत्या, म्हणजे पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षे झाल्यावर त्यांना हार्मोन सुरू केले होते, ही गोष्ट मात्र मागेच राहिली. पन्नाशीतल्या बायका घाबरल्या, त्यांचे डॉक्टरही घाबरले.

पाळी नुकतीच गेलेल्या स्त्रियांवर नंतर वेगळी चाचणी झाली. शेवटची पाळी येऊन तीन वर्षेही न झालेल्या 727 जणींना चार वर्षे कुणाला गोळी, कुणाला त्वचेवरचा पॅच, कुणाला काहीच औषध नसलेली गोळी-पट्टी, असे देऊन पाहिले. 2015 साली निकाल आला. स्मरणशक्ती सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. सुमारे दहा वर्षांनी त्यांच्यातल्या बऱ्याचजणींना पुन्हा तपासले, तरी तेच. म्हणजे ही गोळी विष नाही, तशी शंखपुष्पीही नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री दोनदा घामाने चिंब होऊन उठावे लागते, त्यासाठी ती जरूर घ्यावी, तपासण्या करून घ्यावी. आणि रात्रभर जागणाऱ्या बाईला सकाळी काय आठवणार? झोप लागायला लागली की अर्धा विसरभोळेपणा आपोआप जातो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. पण म्हातारपणी स्मृतिभ्रंश होऊ नये म्हणून धडधाकट बाईने हार्मोन घ्यावेत, असे रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनाही सांगत नाहीत.

माझे खरे दुखणे पुढेच आहे. हे सगळे त्यांच्याबद्दल झाले, ज्यांची पाळी आपल्या वेळेने गेली. आमच्या भागात हजारो बायकांची पाळी गेली नाही, ती घालवली गेली.

2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या. कारणे तुमच्याच अंकात छापून आली आहेत: खाडा म्हणजे बुडालेला दिवस, उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, अंगावरून जायला लागले की कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर. त्यावर पुन्हा लिहीत नाही. पण इतक्या बातम्यांत एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही. पिशवीबरोबर बीजकोशही, म्हणजे अंडाशयही, काढले का?

बायकांना मी सांगायचे, पिशवी म्हणजे पाळणा आणि बीजकोश म्हणजे घरातली चूल. पाळणा काढला तरी चूल पेटती राहू शकते. बीजकोश जागेवर असले तर इस्ट्रोजेन तयार होत राहते, फार तर काही वर्षे आधी थांबते. दोन्ही बीजकोश काढले तर चूल त्याच दिवशी विझते. मग ती बाई बत्तीस वर्षांची का असेना.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, गावी परतलेली एक बाई माझ्याकडे आली. वय एकेचाळीस. ‘सिस्टर, ध्यानातच राहीना बगा काही.’ ही बाई एके काळी आठवड्याच्या सगळ्या खेपा तोंडपाठ सांगायची. वहीत एक खेप कमी लिहिली म्हणून तिने मुकादमाला सगळ्या टोळीसमोर धरले होते. आता काल किती खेपा भरल्या ते आज सांगता येईना, म्हणून नवरा डाफरतो. रेशनकार्डाच्या पिशवीतून तिने घड्या पडून फाटत आलेले डिस्चार्ज कार्ड काढले. आठ वर्षांपूर्वीचे, तालुक्याच्या गावच्या एका खासगी दवाखान्याचे. इंग्रजीत एकच ओळ: टीएएच विथ बीएसओ. पहिली तीन अक्षरे पिशवीची. शेवटची तीन म्हणजे दोन्ही बाजूंचे बीजकोश काढले. तेहेतिसाव्या वर्षी. तिला हे कुणीही सांगितले नव्हते. ‘पिशवीच काढली ना?’ असे तिने मला तीनदा विचारले. नंतर औषध काय दिले, तर कॅल्शियमच्या गोळ्या, पंधरा दिवसांच्या.

तिचा विसरभोळेपणा त्यामुळेच आहे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रक्त कमी आहे, झोप नाही, डोक्यावर उचल आहे, थायरॉइड कुणी तपासलेले नाही. पण संशय घ्यायला जागा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1950 ते 1987 या काळात पाळी जाण्याआधीच बीजकोश काढलेल्या स्त्रियांची पुढे चौकशी केली आणि 2007 साली ती प्रसिद्ध केली. अशा स्त्रियांमध्ये स्मरणशक्ती घटण्याचे आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त निघाले, आणि शस्त्रक्रिया जितक्या लहान वयात तितका धोका वाढता. ज्यांनी निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतले, त्यांच्यात तो वाढलेला दिसला नाही. ही गोळी देऊन केलेली चाचणी नव्हे, मागे वळून पाहिलेली नोंद आहे, हे मला कळते. पण हाडे आणि हृदय यांच्यासाठीही अशा तरुण बायकांना, आडकाठी नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, हा सल्ला जगभर मान्य आहे. त्यात त्यांना पिशवी नाही, म्हणजे तिच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉन जोडावे लागत नाही, नुसते इस्ट्रोजेन पुरते. ज्यांचा उपचार सोपा, ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातात कॅल्शियमची पट्टी. आणि 65 वर्षांच्या अमेरिकन बाईसाठी लिहिलेला इशारा दाखवून ‘हार्मोन नको, कॅन्सर होतो’ असे 35 वर्षांच्या बाईला सांगणारे डॉक्टर मी स्वतः ऐकले आहेत. त्यांना काय म्हणावे?

जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली, हे चांगलेच झाले. ती देताना बीजकोश ठेवणार की काढणार आणि काढणार तर कशासाठी, हेही विचारावे. कार्डावर ते मराठीत लिहावे. आणि ज्यांचे आधीच होऊन गेले, त्यांच्यासाठी टोळ्या कारखान्याला निघण्याआधी होणाऱ्या तपासणीत जुनी कार्डे मागवून वाचावीत. आशाताईंना ती सहा अक्षरे ओळखायला शिकवायला अर्धा तास पुरेल. ज्या सापडतील त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवावे. रक्तदाब, स्तन, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास पाहून तिथल्या डॉक्टरांनी ठरवावे, कुणाला द्यायचे, कुणाला नाही.

एक विनंती आपल्यालाही. पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट छापा: आपले डिस्चार्ज कार्ड कसे वाचावे. अक्षर जरा मोठे ठेवा. दिवाळीनंतर टोळ्या निघतील, त्याआधी ती आली तर मी आमच्या वस्तीवर वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. केज, जि. बीड