राग आवरायला शिकणाऱ्या आपल्या पुरुष गटाच्या सभासदांसाठी: रागाची वही आणि ‘थांबा’

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने रागाची वही आणावी. “बायको उलट बोलली” एवढीच नोंद चालणार नाही. त्या वेळी आपला जबडा, मुठी, आवाज कसा होता आणि डोक्यात कोणतं वाक्य घोळत होतं, ते लिहा.

‘थांबा’ घेताना, म्हणजे राग चढू लागला की सांगून थोडा वेळ बाहेर जाताना, बरेच जण चुकताहेत. दार आपटून निघून जाणं हा थांबा नव्हे, ती बायकोला दिलेली शिक्षाच. मुठी आवळल्या की आवाज चढण्याआधी एवढंच म्हणा: “मला राग येतोय. बाहेर जातो, तासाभरात येतो.” जाता जाता टोमणा नको. पायी चाला, गाडी नको, दारू तर नकोच. मनातल्या मनात भांडत राहिलात तर राग वाढूनच घरी याल, म्हणून पावलं मोजा. सांगितलेल्या वेळेला परत या. तिला तेव्हा बोलायचं नसेल तर मागे लागू नका. ती बाहेर निघाली तर वाट अडवायची नाही. हे सगळं घरी आधीच, शांत वेळी सांगून ठेवा.

हात उगारला असेल तर त्याच दिवशी गटचालकांना कळवा. महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक घरात सगळ्यांना ठाऊक हवेत. स्वतःला रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.