जिथे दुखत होतं तिथेच बोट ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी तुमच्या लक्षात असेन असं वाटत नाही. ओपीडीच्या त्या बाकावर रोज किती बायका येऊन बसतात. खूण सांगते: हिरवं इरकली लुगडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेली जाड फाईल, आणि तुम्ही "काय होतंय मावशी?" विचारल्यावर "काहीच नाही म्हणतात, पण दुखतंय" म्हणाली ती बाई. ती मी.

मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते. जोडबसवण्णा चौकाच्या बाजूला आमचं घर, अंगणात सासूबाईंच्या हातचं दगडी उखळ. सोलापूरची चटणी मिक्सरवर होत नाही, निदान माझी तरी होत नाही. मिक्सर शेंगदाण्याचा भुगा करतो. कांडली की दाणा दबतो, तेल सुटतं आणि लाल तिखट त्या तेलात मुरतं. जानेवारीत सिद्धरामेश्वराची यात्रा असते. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना निघतात, गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, पाळणे लागतात, आणि पुण्या-मुंबईहून माहेरी आलेल्या लेकी परत जाताना दोन-दोन किलो चटणी बांधून नेतात. त्या पंधरा दिवसांत मी पहाटे चारला मुसळ हातात घेते ते ऊन डोक्यावर येईपर्यंत.

यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वराचं लग्न, झाला आणि दोन दिवसांनी दुखायला लागलं. छातीच्या मधल्या हाडाला लागून, डाव्या अंगाला. पोतं शिवायची दाभण कुणी आत घालून फिरवावी तसं.

आता आमच्या घरात छातीत दुखणं ही साधी गोष्ट नाही. सहा वर्षांपूर्वी आमचे मालक रात्री दोनला उठून बसले. बनियन घामानं चिंब. "गॅस झालाय गं, सोडा दे," म्हणाले. मी सोडा दिला, लिंबू पिळून दिला, पाठीवरून हात फिरवत बसले. १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उजाडायच्या आत ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात गॅस हा शब्द कुणी उच्चारत नाही. सिलिंडर संपला तरी पोरगा "टाकी संपली" म्हणतो.

म्हणून माझं दुखायला लागल्याबरोबर पोरानं रिक्षा काढली आणि मला एका खासगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. तपासण्या त्यांनी सगळ्या केल्या आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. ईसीजी काढला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मला वाटलं, बिल वाढवायचे धंदे. ते का घेतात ते नंतर तुम्ही सांगितलंत: हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात, म्हणून पहिल्या तपासणीत नाही दिसलं तर पुन्हा बघावं लागतं. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग चालत्या पट्ट्यावरची टीएमटी, त्यावर मी लुगडं खोचून अशी चालले की तिथली सिस्टर म्हणाली, मावशी, तुम्ही तर मला मागं टाकाल.

सगळं नॉर्मल.

तिथल्या डॉक्टरांनी फाईलवरची नजर न उचलता सांगितलं, "काही नाही, टेन्शन आहे. मन रमवा." कुठं रमवू? उखळात? जिन्यानं उतरताना तीच दाभण फिरत होती आणि हातात 'काही नाही' असं लिहिलेला कागद. त्या 'काही नाही'चं बिल किती किलो चटणीचं झालं, ते मी रिक्षात बसून मोजत होते.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. गल्लीतल्या प्रत्येकीकडे उपाय होता. ओवा खा, दृष्ट काढ, डाव्या कुशीवर झोपू नकोस. जाऊबाई म्हणाल्या, "मला झालं होतं तसं नागीण असेल बघ." त्यांना खरंच एका बाजूला बरगडीवर आगीसारखं दुखलं होतं, हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यात फोड उठले. म्हणून मी रोज आरशात फोड शोधत होते. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि पहाटे रिकाम्या पोटी, नुसत्या चहावर घेत राहिले. मग एक नवीनच सुरू झालं, छातीच्या मधोमध जळजळ, तोंडात आंबट पाणी. आणि रात्री दोन वाजले की जाग यायची. दोनच. हृदय धडधडायचं, बोटांना मुंग्या, श्वास पुरत नाही. मी उठून मालकांच्या फोटोसमोर बसायची आणि पोराला उठवायची नाही.

अशा अवस्थेत तुमच्यासमोर आले. तुम्ही आधी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीत. मग विचारलंत, "मावशी, काम काय करता?" हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. वय विचारलं, साखर विचारली, बीपी विचारलं, घरात कुणाला होतं ते विचारलं. काम नाही. चटणी कांडते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "कांडून दाखवा." मी तुमच्या टेबलासमोर उभी राहून रिकाम्या हातांनी मुसळ उचललं आणि खाली आणलं. मागची रांग हसली. तुम्ही हसला नाहीत. माझ्या खांद्याखालून एक-एक बरगडी मोजत बोट खाली आणलंत आणि तिसऱ्या बरगडीला, मधल्या हाडाच्या कडेला दाबलंत.

"आई गं!" बाहेर शिपायापर्यंत ऐकू गेलं असेल.

"हीच कळ?"

हीच. तीन आठवडे जी कुणाला दाखवता येत नव्हती, ती तुमच्या एका बोटाखाली सापडली. मॅडम, खरं सांगते, दुखल्याचा इतका आनंद मला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच झाला.

तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. तो कागद मी देवघरात ठेवलाय. बरगड्यांच्या बारा जोड्या, वरच्या सात मधल्या हाडाला येऊन मिळतात, पण हाड थेट हाडाला मिळत नाही, मध्ये कूर्चा असते, कानाच्या वरच्या कडेसारखी लवचीक. तिथं सूज आली की कळ येते. मुसळ उचललं की, कूस बदलली की, शिंकलं की, दीर्घ श्वास घेतला की. ती फोटोत दिसत नाही, रक्तात दिसत नाही, बोटालाच कळते. तुम्ही नाव सांगितलंत, कॉस्टोकाँड्रायटिस. मी म्हटलं, "कांडून होतो म्हणून कांड्रायटिस का?" तेव्हा मात्र तुम्ही हसलात. इतक्या हसलात की शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर वळून बघायला लागले.

पण मला जास्त आठवतं ते त्याच्या पुढचं. मी सुटलेच असं मला वाटलं होतं, तर तुम्ही बोट वर करून थांबवलंत. दाबल्यावर दुखलं म्हणजे हृदय नाहीच, असं धरून चालायचं नाही, म्हणालात. माझे बाकीचे कागद चांगले होते म्हणून तुम्ही हे बरगडीचंच आहे असं म्हणू शकत होता. काही बायकांच्या मोठ्या रक्तवाहिन्या साफ दिसतात, तरी बारीक वाहिन्यांमुळे छातीत दुखतं, म्हणून तुम्ही मला उलटसुलट विचारलंत: जिना चढताना दुखतं का, थांबल्यावर थांबतं का, जबड्यात जातं का, पाठीत जातं का. माझं दुखणं जिन्याला भीत नव्हतं, मुसळाला भीत होतं.

जळजळ वेगळी काढलीत, ती कळेच्या पिशवीत घातली नाहीत. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या तर पोटातलं आम्ल चढणारच. रात्री साडेदहाला चटणी-भाकरी खाऊन लगेच आडवं व्हायचं आणि वर जळजळ का होते म्हणून विचारायचं! दुखण्याची गोळी जेवल्यावर, ती पण थोडेच दिवस. आम्ल कमी करायची गोळी सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास. जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. पोरानं विटा लावल्या त्या दिवसापासून मी घसरत-घसरत पायथ्याशी जाते, तेवढी एक अडचण आहे.

आणि रात्री दोनचं. ते मी सांगणार नव्हते, तुम्ही काढून घेतलंत. मला वाटलं, आता तुम्ही पण तोच शब्द बोलणार, टेन्शन. तुम्ही म्हणालात, भीती वाटली की माणूस भरभर श्वास घेतो, भरभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, मुंग्या आल्या की भीती वाढते. यात खोटं काहीच नाही. दा कोस्टा नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरनं १८७१ साली लढाईवरच्या सैनिकांबद्दल हेच लिहून ठेवलंय, असं तुम्ही सांगितलंत. छातीत दुखायचं, धडधडायचं, आणि तपासलं तर हृदयाला आजार सापडायचा नाही. बंदुकीवाल्या जवानांना होऊ शकतं तर मी कोण! आता जाग आली की मी श्वास मोजते, आत चार, बाहेर सहा. दोनदा मोजता-मोजता झोप लागली.

निघताना मी मालकांचं बोलले. का बोलले कुणास ठाऊक. त्यांचं हृदयाचं होतं ते आम्ही गॅस म्हणालो, माझं बरगडीचं ते आम्ही हृदय म्हणालो. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "मावशी, या वेळी तुम्ही बरोबर केलंत. पुन्हा नवीन दुखलं, घाम आला, दम लागला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर बरगडी आहे म्हणून घरी बसायचं नाही. आधी १०८." रांग खोळंबली होती. तुम्ही तरी पूर्ण वाक्य बोललात.

कळ जायला सव्वादोन महिने लागले. गरम पाण्याची पिशवी, आणि मुसळाला सुट्टी. मोठ्या ऑर्डरी मी कांडप मशीनवर दिल्या, बचत गटातल्या दोघी हाताशी घेतल्या. घरच्यापुरती उखळातच करते, पण आता उजव्या-डाव्या हातानं आलटून-पालटून आणि मध्ये बसून. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. मला कळतो, पण ते राहू दे.

चैत्रात तुम्हाला भेटायला आले होते. पिशवीत अर्धा किलो चटणी आणि पंधरा भाकऱ्या. तुमच्या खुर्चीवर दुसरे डॉक्टर होते. म्हणाले, मॅडमचं इथलं शिक्षण संपलं, गेल्या त्या. कुठं, ते त्यांना नक्की सांगता आलं नाही. म्हणून हे असं उघड लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही, डॉक्टरला आवडतं न आवडतं. तुमच्या वाचनात आलं तर 'कांड्रायटिस' या शब्दावरून ओळखालच.

ती पिशवी शिपायाला देऊन टाकली. पुढच्या भोगीला तुमच्या नावाची नवीन बांधून ठेवते. तिखट थोडं कमी घालीन. कडक भाकरी महिनाभर राहते, चटणीही राहते, तेवढ्यात कधीही या.

तुमची,
चटणीवाली मावशी
सोलापूर