‘पळीभर की तांब्याभर?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरबाईंना

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपती पाण्यात गेले, चाकरमानी आपापल्या गाडीला लागले आणि काल मखर सोडवताना त्याचा एकेक पाय नाकाला लावून पाहिला. झेंडू, कापूर, थोडी पावसाळी बुरशी. बाकी काही नाही, आमच्या टिप्या कुत्र्याने घरभर सोडलेला लघवीचा वासही नाही. दवाखान्यात येऊन सांगितलं असतं तर ‘बरं झालं’ म्हणून तुम्ही पुढच्या म्हशीकडे वळला असतात, म्हणून हे अनावृत पत्र.

टिप्याबद्दल तुमच्याआधी सल्ले कमी मिळाले असं नाही. एकाने सांगितलं, मुतला की त्यातच नाक घासा. दुसऱ्याने ओटीच्या खांबाला निळीच्या पाण्याची बाटली बांधायला लावली. टिप्याने दुसऱ्या दिवशी बाटलीवरच तंगडी वर केली. कोणी मिरचीपूड सुचवली, कोणी डांबरगोळ्या. डांबरगोळी कुत्र्याने चघळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतालाही इजा होऊ शकते, हे सांगणारा मात्र एकही भेटला नाही. शहरातून बोलावलेल्या ट्रेनरने गळ्याला फासाची साखळी दिली, पैसे मोजून घेतले आणि ‘नर आहे, करणारच’ म्हणून निघून गेला. त्या फासाने टिप्या एवढंच शिकला की माणसादेखत करायचं नाही. मग तो कणगीमागे जाऊन करू लागला. मार खाणारं प्रत्येक कुत्रं हेच शिकतं. दोन-चार सेकंद उशीर झाला तरी फटका कशाचा हे त्याला कळत नाही, आणि आपण तर डाग सकाळी पाहून दुपारी ओरडणारी माणसं.

इतक्या जणांनी कुत्र्याकडे पाहिलं, खांबाकडे एकानेही नाही.

तुम्ही पाड्याला लस टोचायला आला होतात. हात धुता धुता विचारलंत, “पळीभर की तांब्याभर?” आईला आधी वाटलं पूजेचं विचारताय. तांब्याभर म्हणजे कुत्रं पोट हलकं करतंय: त्याला वेळेवर बाहेर नेलं जात नाही, शिकवण कच्ची आहे किंवा काही आजार आहे. पळीभर, तीही उभ्या वस्तूवर, तंगडी वर करून, फिरून फिरून त्याच जागी, म्हणजे ती वासाची सही. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नर वयात येतो तेव्हा ही सही सुरू होते. टिप्या दहा महिन्यांचा. तरी तुम्ही लघवी तपासल्याशिवाय पुढे गेला नाहीत, कारण मूत्रमार्गाला संसर्ग झाला तरी थोडी थोडी आणि सारखीच होते, कुंथून होते, कधी लालसर होते. सकाळची धार, पहिले थेंब सोडून, लांब दांड्याच्या डावात धरायची, उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत ओतायची आणि दोन तासांत पोचवायची. नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवायची. डाव हा उपाय इतका साधा की आधीच्या कुणाला सुचला नाही. तपासणीत काही निघालं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. रबरी बूट पायरीवर काढून तुम्ही ओटीवर आलात, गुडघे टेकलेत आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर खांबाला नाक लावलंत. मग दुसऱ्या खांबाला. मग चौकटीला. आई ‘अहो बाई, राहू दे, पुसून घेते’ म्हणत होती, तुमच्या गुडघ्याला सारवणाचं शेण लागलं होतं, आणि तुम्ही ऐकत नव्हता. माजघर आमचं भर दुपारीही अंधारंच. दारं लोटून तुम्ही पिशवीतून ती जांभळ्या उजेडाची बॅटरी काढलीत. लादीवर, लाकडावर जुने ओघळ पिवळट-हिरवे चमकले. पण धुण्याच्या पावडरीचा डागही चमकतो, म्हणून प्रत्येक डागापाशी पुन्हा वाकायचं, पुन्हा नाक. जो खरा निघाला त्याभोवती भाचीच्या दप्तरातल्या खडूने गोल. सतरा गोल झाले. ज्या कामाला घरचीच माणसं नाक मुरडत होती ते तुम्ही नाक लावून केलंत. जनावराशी आणि जनावराच्या माणसांशी असं वागणारी माणसं अजून आहेत, नोकरीतही आहेत, हे त्या दुपारी दिसलं.

खडूने जे दाखवलं ते आम्हाला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं. बहुतेक गोल पाखाडीकडच्या खिडकीखाली आणि पुढल्या दाराशी होते. पाखाडीने गावची कुत्री येतात-जातात, गडग्यावर तंगडी वर करून जातात, आणि टिप्या आतून उत्तर देतो. उरलेले गोल चपलांच्या कोपऱ्यात आणि जिथे पाहुण्यांच्या बॅगा टेकतात त्या भिंतीला. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक परक्या वासावर याची सही. त्यात भाद्रपद तोंडावर. माद्या माजावर येण्याचा हाच हंगाम, आणि ह्याच महिन्यात मुंबईहून वीस बॅगा घरात येऊन पडणार. तुम्ही कालनिर्णय पाहून म्हणालात, पाच आठवडे आहेत, पुरतील.

सफाईत आमचं काय चुकत होतं ते इथे सविस्तर लिहिते, कारण अर्धं कोकण तेच करतं. आपण फिनेल ओततो. फिनेलने माणसाच्या नाकाला बरं वाटतं, खालचा वास कुत्र्याला तसाच येतो. अमोनियावालं लादी पुसायचं औषध तर उलटं काम करतं, कारण लघवी कुजली की अमोनियाच सुटतो. कुत्र्याला वाटतं कोणीतरी येऊन सही करून गेलं. आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर लघवीवर कधीच टाकू नये, अमोनियाशी मिळून जो वायू निघतो तो छातीत जातो. लघवी वाळल्यावर तिचे वासाचे अंश मागे राहतात. साध्या पाण्याने ते पुरते जात नाहीत, आणि हवेत ओल आली की पुन्हा वास सोडतात. उन्हाळ्यात ‘गेला’ म्हटलेला वास मिरगाला परत का आला, याचं उत्तर हे. त्यात भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र. वरून पुसला तरी आत मुरलेलं आतच.

म्हणून लघवीचे अंश मोडून काढणारं एन्झाइमवालं औषध, पण त्याआधी फिनेलचा मागमूस घालवायला जागा दोन-तीनदा नुसत्या पाण्याने धुवायची, नाहीतर फिनेल ते औषधच निकामी करतं. मग लघवी जितकी आत गेली असेल तितकं औषध आत जाईल एवढं ओतायचं. चार थेंब शिंपडून चालत नाही. चिऱ्यावर औषधात भिजवलेलं फडकं चिकटवून वर प्लॅस्टिक, रात्रभर. सकाळी काढून पंख्याखाली पूर्ण सुकू द्यायचं, मग दुसरा हात. आम्हाला खिडकीखाली तीन हात लागले. चुना लावलेल्या भिंतीवर व्हिनेगर नको, चुना खातं. सारवणाच्या जमिनीला यातलं काहीच नको: दोन बोटं माती खरवडून काढायची, लांब नेऊन टाकायची, नवी माती घालून चोपायची आणि सारवायचं. हे सगळं हातमोजे घालून. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्याकडे पावसात काही नवीन नाही, आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून ते जंतू बाहेर पडतात. कोयतीने कापलेल्या बोटाने डाग पुसू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. टिप्याची लेप्टोची लस तुम्हीच सुरू केलीत, ती दरवर्षी चुकवणार नाही.

वास गेला म्हणजे सवय गेली असं नाही. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला आणि बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, विणलेलं झाप बांधलं, पाखाडी दिसायची बंद झाली. धुतलेल्या जागी त्याचं जेवणाचं ताट आणि गोणपाटाचं अंथरूण नेलं, कारण जिथे खातो-झोपतो तिथे कुत्रं सहसा सही करत नाही. घरात तो मोकळा नाही: सहा फुटी दोरी, तिचं दुसरं टोक कुणाच्या तरी कमरेला. दर दोन-अडीच तासांनी आगरात, आणि तिथे घाई नाही. तीन-चार माडांची बुडं त्याची, मनसोक्त हुंगू दे, करू दे, आणि तंगडी खाली येते न येते तोच सुकटीचा तुकडा. घरात खांबाकडे वळून हुंगू लागला की नुसतं ‘अहं’, हलकेच, आणि बाहेर. घाबरवायचं नाही. नर कितीही रिकामा केलात तरी पळीभर शिल्लक ठेवतोच, त्यामुळे ‘आत्ताच तर जाऊन आला’ या भरवशावर दोरी सोडली की फसगत. एकदा सोडली. कणगी.

घरात डाग दिसला की कालनिर्णयवर ठिपका: पहिल्या आठवड्यात रोज ठिपके, तिसऱ्यात एक. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बॅगा आल्या त्या थेट माळ्यावर आणि खुंट्यांना. ज्या खाली राहिल्या त्या टिप्याला आधी आगरात फिरवून आणून, दोरीवर, हुंगू दिल्या. आरतीच्या गोंगाटात तो मागच्या खोलीत, हाडूक चघळत. पाच दिवसांत एकच डाग, तोही परसातल्या नव्या प्लॅस्टिकच्या पिंपावर. त्याला काय म्हणणार?

खच्चीकरणाच्या शस्त्रक्रियेचं तुम्ही सांगितलंत तसं दिवाळीनंतर करू. तिने निम्म्याहून जास्त नरांत ही खोड कमी होते, सगळ्यांत नाही, आणि जुना वास भिंतीत ठेवून केली तर निम्मा फायदा वाया, हे आता आम्हीच लोकांना सांगतो. नंतर महिनाभर माद्यांपासून दूर ठेवायचं तेही लक्षात आहे.

आपली,
टिप्याच्या घरून

ता.क. घरात लघवी टिपायला नराच्या पोटाला बांधायच्या पोटपट्ट्याचं माप तुम्ही दुसऱ्या एकांसाठी मागितलं होतंत. जुना मऊ पंचा, पाच बोटं रुंद, कमरेचा घेर अधिक चार बोटं लांब, वेलक्रो पाठीवर, आत घडीचं फडकं. खाली दोन बोटं सहज जायला हवीत. ओला झाला की लगेच बदलायचा आणि रात्री काढायचा, नाहीतर कातडी लाल होते. आईने तीन शिवून ठेवलेत, सोमवारी दुधाच्या गाडीबरोबर पाठवते. आणि माजघरातला चुलीकडचा एक गोल तिने अजून पुसू दिलेला नाही.