आयरिश लढ्याचा गाळलेला हिशेब

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील आयर्लंडच्या सशस्त्र लढ्यावरचा लेख आवडीने वाचला. मात्र तो आयर्लंडची फाळणी कायम ठेवून दक्षिणेला स्वराज्य देणाऱ्या १९२१ च्या इंग्रज-आयरिश तहावरून एकदम उत्तर आयर्लंडमधील शांततेच्या १९९८ च्या करारावर उडी घेतो आणि मधली पाऊणशेहून अधिक वर्षे गाळतो, हे खटकले. ती गाळली की बंदूक चालवली आणि स्वातंत्र्य मिळाले, एवढेच उरते.

पुणेकरांना या विषयाची ओढ असणे स्वाभाविक आहे. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला, त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, आणि 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडचा. पण त्या उठावाच्या वेळी अनेक डब्लिनकरांनी बंडखोरांना शिव्याशाप दिले होते. इंग्रजांनी पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या तेव्हा लोकमत फिरले, आणि डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या सिनफेन पक्षाने १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. पुढच्या लढ्यामागे हा कौल होता. तहावरून फूट पडल्यावर मात्र इंग्रजांना जेरीस आणणारा मायकेल कॉलिन्स ऑगस्ट १९२२ मध्ये तहविरोधी आयरिशांच्याच गोळीला बळी पडला, आणि नव्या आयरिश सरकारने सत्तरहून अधिक विरोधकांना देहदंड दिला. इंग्रजांनी १९१६ पासून दिलेल्या देहदंडांहून ही संख्या मोठी आहे.

ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये १९६९ नंतर आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेने आयर्लंड एक करण्यासाठी जो लढा चालवला, त्याला तेथील बहुसंख्यांचा कौल कधीच नव्हता. घरवाटपात आणि नोकऱ्यांत अल्पसंख्य कॅथलिकांवर होणारा अन्याय खरा होता. १९७१ मधील विनाचौकशी स्थानबद्धता आणि ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत लष्कराने निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर केलेला गोळीबार, यांमुळे आयआरएकडे तरुणांची रीघ लागली. त्या गोळीबाराबद्दल ब्रिटिश सरकारने माफी मागायला २०१० साल उजाडले. पण त्याच १९७२ च्या जुलैत आयआरएने बेलफास्टमध्ये सुमारे वीस बाँब उडवून नऊ जणांचा जीव घेतला. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते, आणि एकूण मृत्यूंपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयआरएसारख्या प्रजासत्ताकवादी गटांच्या हातून झाले.

आणि हाती काय आले? डिसेंबर १९७३ च्या सनिंगडेल करारात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांनी मिळून सत्ता चालवावी आणि दोन्ही आयर्लंडची एक परिषद असावी, असे ठरले होते. आयआरएने तो झिडकारला, आणि पुढच्या वर्षी प्रोटेस्टंट कामगारांच्या संपाने तो मोडला. १९९८ चा करार बराचसा त्याच आराखड्यावर उभा आहे. उत्तरेतील बहुमताच्या संमतीवाचून आयर्लंड एक होणार नाही, हे आयआरएची राजकीय बाजू असलेल्या सिनफेनला त्यात मान्य करावे लागले. शेमस मॅलन या राष्ट्रवादी नेत्याने त्याला 'मंदगतीने शिकणाऱ्यांसाठीचे सनिंगडेल' म्हटले, ते उगाच नव्हे.

लेखकाने गणेशखिंडीचा दाखला दिला आहे, म्हणून भीतभीतच एक लिहितो. चापेकर बंधूंविषयी मलाही आदर आहे. पण रँडबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, आणि पुढे द्रविड बंधूंना फितूर म्हणून घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या गेल्या, हे आपण एका वाक्यात आटोपतो. आयर्लंडला तसे आटोपता आलेले नाही. खबरे ठरवून आयआरएने माणसे उचलली, मारली आणि गुपचूप पुरली. बेलफास्टमधील दहा मुलांच्या एका विधवा आईला डिसेंबर १९७२ मध्ये असेच नेले. तिचे अवशेष २००३ मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले, आणि ती खबरी असल्याचा पुरावा पोलिसांवरील लोकपालांच्या चौकशीत मिळाला नाही. अशा बेपत्ता माणसांच्या शोधासाठी ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी १९९९ मध्ये आयोग नेमला, आणि दलदलीच्या रानांत वर्षानुवर्षे खोदकाम होऊनही काहींची हाडे घरच्यांना मिळालेली नाहीत.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्यास त्यात सनिंगडेलला आणि या कुटुंबांना जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे